जुन्या वेगवान मोटारींची ब्रेक-सुधारणा

जुन्या वेगवान मोटारीच्या मूळ ब्रेकयंत्रणेतील काही भाग बदलून तिची उष्णता पेलण्याची क्षमता वाढवणे आणि पुढच्या-मागच्या चाकांवरील ब्रेकचा समतोल नव्याने जुळवणे, या कामाला ब्रेक-सुधारणा म्हणतात. साधारण १९६० ते १९९० या काळातल्या गाड्यांवर हे काम सर्वाधिक होते. अशा गाडीच्या इंजिनाची ताकद पुढे वाढवली जाते, तिला आजचे जास्त पकडीचे टायर बसतात. ब्रेक मात्र त्या काळच्या लहान चाकांत मावतील एवढेच राहतात. डॅटसन २४०झेड या जपानी गाडीवर अशी सुधारणा कित्येक वर्षे होत आली आहे. सुधारणेतले फायदे आणि धोके तिथे फार स्वच्छ दिसतात, म्हणून या नोंदीत मुख्य उदाहरण याच गाडीचे घेतले आहे.

गाडीची गतिज ऊर्जा ब्रेक पॅड (दाबला जाणारा घर्षणाचा तुकडा) आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) यांच्या घर्षणातून उष्णतेत जाते आणि ती उष्णता शेवटी हवेत सोडावी लागते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. १,०५० किलो वजनाची गाडी ताशी ८० किमी वेगाने जात असताना तिच्यात सुमारे २.६ लाख जूल ऊर्जा असते. ताशी १६० किमीला तीच १०.४ लाख जूल होते. यातली ७० टक्के ऊर्जा पुढच्या दोन डिस्कमध्ये गेली आणि प्रत्येक डिस्क ५ किलो बिडाची आहे असे धरले, तर १६० वरून एकदा गाडी पूर्ण थांबवताना डिस्कचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सिअसने चढते. रेसट्रॅकवर डिस्क निवण्याआधीच पुढचे वळण येते. लांब घाट उतरताना वेग कमी असतो, पण पाय सतत ब्रेकवर राहिला तर परिणाम तोच होतो.

तापलेले ब्रेक दोन प्रकारे दगा देतात आणि त्यांतला फरक पायाला कळतो. पेडल कडक लागते, पण गाडी आवरत नाही, तेव्हा पॅडचे घर्षण कमी झालेले असते. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा कॅलिपरमधले (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतले) ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण वाफ दाबली जाते आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. सिलिकोनपासून बनवलेले डॉट ५ ही वेगळी जात आहे. ते यांपैकी कशातही मिसळायचे नसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. मूळ ब्रेक जर चारही टायरना त्यांच्या पकडीच्या कडेपर्यंत नेऊ शकत असतील, तर मोठे कॅलिपर लावून पहिल्या थांब्याचे अंतर कमी होत नाही. ते अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग दहावा थांबाही पहिल्यासारखाच मिळावा, यासाठी आहे. त्यामुळे योग्य क्रमाने जाणारा माणूस आधी ताजे ऑइल, चांगले पॅड, नवे होज (ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या) आणि न अडकता चालणारे पिस्टन यांच्याकडे पाहतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीतला रबरी होज बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगून अरुंद झालेला असू शकतो. मग ब्रेक सोडल्यावरही कॅलिपर पूर्ण मोकळा होत नाही आणि गाडी एका बाजूला खेचते. अनेक गाड्यांचे समाधान या स्वस्त कामांतच होते. हा टप्पा ओलांडून थेट चकचकीत लाल कॅलिपरांकडे धाव घेणे ही पैशांची नासाडी आहे.

डिस्क ब्रेकचे महत्त्व जगाला शर्यतीनेच पटवले. जग्वारने डनलॉपच्या साहाय्याने सी-टाइप गाडीवर डिस्क ब्रेक घडवले आणि १९५३ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या पुढे गेला. पुढच्या दोन दशकांत डिस्क रस्त्यावरच्या गाड्यांत आल्या, तरी बऱ्याच गाड्यांमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम (ज्याच्या आतून घर्षणाच्या पट्ट्या दाबल्या जातात असा फिरता डबा) अशीच मांडणी राहिली.

डॅटसन २४०झेड याच मांडणीची. जपानमध्ये ती १९६९ च्या अखेरीस फेअरलेडी झेड या नावाने आली आणि १९७० पासून अमेरिकेत विकली जाऊ लागली. २,३९३ घन सेंमीचे सहा सिलिंडरचे इंजिन, एक टनाच्या आसपास वजन, १४ इंची चाके. पुढे २७१ मिमी व्यासाच्या भरीव डिस्क व दोन पिस्टनचे कॅलिपर, मागे २२९ मिमीचे ड्रम. हे ड्रम अॅल्युमिनियमचे, बाहेरून उष्णता सोडणाऱ्या उभ्या पट्ट्या (फिन) असलेले, आत बिडाचे अस्तर घातलेले आहेत. वजनाला हलके आणि उष्णता झटपट बाहेर टाकणारे हे ड्रम काढून फेकण्याआधी मालकाने दोनदा विचार करावा, इतके ते चांगले आहेत.

पुढच्या कॅलिपरची जागा बहुतेकदा टोयोटाच्या चारचाकी ओढीच्या (फोर-व्हील ड्राइव्ह) हायलक्स पिकअपचे कॅलिपर घेतात. एस १२-८ या खुणेचे हे कॅलिपर चार पिस्टनचे आहेत आणि त्यांची बोल्टची छिद्रे डॅटसनच्या नकलशी (चाक आणि कॅलिपर धरणाऱ्या भागाशी) जुळतात, मूळ भरीव डिस्कही चालते. डिस्कमागचा धूळरोधक पत्रा कापावा किंवा काढावा लागतो आणि ब्रेकची नळी थोडी वाकवावी लागते. मालवाहू गाडीचा भाग स्पोर्ट्स गाडीत जाऊन चपखल बसतो, हे पाहून नवख्यांना आश्चर्य वाटते. पण भार घेऊन डोंगर उतरणाऱ्या पिकअपला ब्रेकची गरज लहान नसते. मात्र डिस्क तीच राहिल्यामुळे उष्णता साठवण्याची तिची क्षमता वाढत नाही. पॅड मोठा आणि जास्त टिकाऊ होतो, पिस्टनचा दाब पॅडवर सारखा पडतो, एवढाच यातला लाभ. उष्णतेवर खरा उपाय हवा असेल तर पुढची पायरी घ्यावी लागते : एस १२-डब्ल्यू या खुणेचे रुंद कॅलिपर आणि निसान (डॅटसन ही याच कंपनीची नाममुद्रा) ३००झेडएक्स गाडीची, मधून हवा खेळणारी डिस्क. त्यासाठी हब (चाकाचा मधला भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये अचूक जाडीचा स्पेसर (अंतर राखणारी चकती) घालावा लागतो. चाकाच्या आतल्या बाजूला कॅलिपर घासत नाही ना, हे भाग विकत घेण्यापूर्वीच मोजलेले बरे.

यानंतर पेडलचा प्रश्न येतो. नव्या कॅलिपरमधल्या पिस्टनांचे एकूण क्षेत्रफळ जास्त असल्याने त्यांना हलवायला जास्त ऑइल लागते आणि पेडल खोल जाते. म्हणून मूळ ७/८ इंची मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबला जाऊन ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) जागी नंतरच्या २८०झेडएक्स गाडीचा १५/१६ इंची बसवतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आहे. पेडलची चाल त्यामुळे कमी होते, पण तेवढ्याच पायजोराला मिळणारा दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. पेडल टणक लागले म्हणजे ब्रेक जोरदार झाला, हा समज इथेच फसवतो.

सर्वांत नाजूक काम समतोलाचे आहे. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकांकडे सरकते. २४०झेडचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २,३०५ मिमी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमी उंच धरला, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट मंदनाला एकूण वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पुढे जातो. उभ्या गाडीत निम्मे-निम्मे असलेले वजन मग ७० आणि ३० असे होते. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर ती गिरकी घेते, आणि ओल्या रस्त्यावर ती सावरणे फार थोड्यांना जमते. केवळ पुढचे ब्रेक वाढवले तर मागचे टायर आपला वाटा उचलत नाहीत आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. मागे ड्रमऐवजी डिस्क बसवल्या तर वितरण पुन्हा बदलते आणि हँडब्रेकची नवी सोय शोधावी लागते. अशा गाडीला एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे मागच्या नळीवर दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवून मोकळ्या, सुरक्षित जागी हळूहळू चाचणी घेतात : जोरात ब्रेक लावला असता पुढची चाके मागच्यांच्या किंचित आधी जाम झाली पाहिजेत.

कंपन्यांनीही स्वतःच्या गाड्यांवर हेच केले आहे. पोर्शेने १९७८ च्या ९११ टर्बोला ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले चार पिस्टनचे कॅलिपर दिले. निसानची आर३२ स्कायलाइन जीटी-आर १९८९ मध्ये १६ इंची चाकांवर आली. १९९३ च्या व्ही-स्पेक आवृत्तीत इटलीच्या ब्रेंबो कंपनीचे मोठे ब्रेक आले आणि त्यांच्यासाठी चाकेही १७ इंची करावी लागली. जुन्या आर३२ चे मालक आजही अशाच ब्रेंबो कॅलिपरांच्या शोधात असतात. त्याच ब्रेंबोच्या पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात दुचाकींचे ब्रेक तयार होतात.

जोडणी झाल्यावर यंत्रणेतली हवा काढतात. कॅलिपरवर हवा काढण्याचा निपल सर्वांत वर यायला हवा. डावा-उजवा कॅलिपर उलटा लागला तर तो खाली येतो आणि कितीही ऑइल सोडले तरी पेडल मऊच राहते. नवे पॅड डिस्कवर बसवण्यासाठी मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, लागोपाठ ब्रेक लावून ते तापवतात आणि मग गाडी चालती ठेवून थंड होऊ देतात. शर्यतीचे पॅड रस्त्यावरच्या गाडीला लावू नयेत, कारण थंड असताना त्यांचा ब्रेक कमी लागतो. छिद्रे पाडलेल्या डिस्क दिसायला सुरेख असतात, पण जास्त तापल्यावर तडे नेमके छिद्रांपासूनच सुरू होतात. १९७० च्या काळातल्या पॅड आणि लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे; म्हणून जुने ड्रम उघडताना त्यातली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओली करून पुसून घ्यावी.

असे बदल कायद्याच्या कक्षेत येतात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. जर्मनीत बदललेले ब्रेक तांत्रिक तपासणीतून मंजूर करून घ्यावे लागतात.