पर्यावरण आरोग्य प्रशिक्षण : अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती लागतात

शिशाची विषबाधा झालेल्या मुलावर उपचार झाले, पण घरातल्या भिंतीवरचा शिसे असलेला, सुटणारा जुना रंग तसाच राहिला, तर ते मूल पुन्हा दवाखान्यात येणार हे नक्की. त्या घरी जाऊन रंगाचा नमुना घेणारे कोणीतरी हवे. पर्यावरण आरोग्याचे प्रशिक्षण अशा कामासाठी असते आणि ते फक्त डॉक्टरांचे नाही. परिचारिका, स्वच्छता निरीक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, साथरोग सर्वेक्षणातले कर्मचारी, पाण्याची गुणवत्ता तपासणारे, सगळ्यांनी अर्ज करावा असे मला मनापासून वाटते.

कोणते प्रशिक्षण, कोणती पात्रता

घरबसल्या शिकायचे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे आणि संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल शिक्षण उपक्रमाचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. तिथे निवड प्रक्रिया नाही, ईमेलने नोंदणी केली की झाले. मात्र नाव अधिकृत कागदपत्रांवर आहे तसेच लिहा, नाहीतर प्रमाणपत्र पुढच्या अर्जात अडते.

सेवेत असताना करायच्या लहान अभ्यासक्रमांना बहुधा कार्यालयाकडूनच नाव पाठवावे लागते. पदविका किंवा पदव्युत्तर पदवीसाठी पदवी हवी. सार्वजनिक आरोग्याच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत वैद्यक, नर्सिंग, विज्ञान, अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर चालतात. संख्याशास्त्राची तोंडओळख मात्र आधीच करून घ्या, कारण माणूस किती प्रदूषणाला किती काळ सामोरा गेला याचे गणित पहिल्याच सत्रात समोर येते.

आधी प्रशिक्षण झाले असले तरी पुन्हा अर्ज करण्यात कमीपणा नाही. हवेतल्या सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली वार्षिक पातळी २००५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम होती. २०२१ मध्ये ती ५ वर आणली गेली. त्याआधी शिकलेल्यांच्या वहीत अजून जुनाच आकडा असेल.

कागदपत्रे

ओळखपत्र, फोटो, गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला हे नेहमीचेच. अनुभवाच्या दाखल्यावर नुसते पदनाम नको, प्रत्यक्ष काम लिहून घ्या. ‘आरोग्य कर्मचारी’ या शब्दांतून तुम्ही पाच वर्षे पाण्याचे नमुने घेतलेत हे कोणालाच कळत नाही.

परदेशी संस्थेत जायचे असेल तर मूळ कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागू शकते. १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तर हा एक शिक्का पुरतो, नाहीतर दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावे लागते. आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरतात, तेव्हा परीक्षेची तारीख हिशेबाने निवडा.

खरा वेळ द्यायचा तो उद्देशपत्राला. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. त्याऐवजी तुमच्या कामातला एक प्रश्न मांडा. समजा, उन्हात राबणारे मजूर चक्कर येऊन दाखल होतात आणि नोंदवहीत फक्त ‘अशक्तपणा’ लिहिले जाते, त्यामुळे उष्णतेने किती जण आजारी पडले ते कळतच नाही. किंवा विहिरीत आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य असल्याची शंका आहे; त्याला रंग, वास, चव काहीच नसते आणि लिटरला १० मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा ओलांडली गेली का, हे तपासणीशिवाय समजत नाही. असा प्रश्न, त्यासाठी काय शिकायचे आहे आणि परत आल्यावर काय करणार, एवढे एका पानात नेमके लिहा. शिफारसपत्र देणाऱ्यालाही हे पान आधी वाचायला द्या, म्हणजे दोन्ही पत्रे एकमेकांना धरून राहतील.

वरिष्ठांचे पत्र

नोकरीत असाल तर ना हरकत प्रमाणपत्रासाठी जाहिरात निघायची वाट पाहू नका. सर्वांत जास्त दिवस याच कागदात जातात. त्यात प्रशिक्षणाचा काळ, पगार चालू राहणार की नाही आणि तुमचे काम तोपर्यंत कोण पाहील, हे स्पष्ट असावे. बंधपत्र मागितले तर परतल्यावर किती काळ सेवा द्यायची ते वाचूनच सही करा. शक्य असेल तर त्याच पत्रात आणखी एक ओळ मागून घ्या : प्रशिक्षणानंतर या कर्मचाऱ्याला पर्यावरण आरोग्याचेच काम दिले जाईल.