माळेगावची यात्रा आणि मराठवाड्यातलं जनावर बघायला जाणं : थोडी पार्श्वभूमी

डिसेंबर जवळ आला की नांदेड, लातूर, परभणीकडं एकच विचारणा सुरू होते, माळेगावला कधी निघायचं? यातल्या बऱ्याच लोकांना ना बैल घ्यायचा असतो ना घोडा, नुसतं बघायला जायचं असतं, लेकरंबाळं घेऊन. आणि हे रील्सच्या जमान्यात आलेलं फॅड नाही, लई जुनं आहे, म्हणून जरा मागचं सांगतो.

माळेगाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, देव खंडोबा. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पालखी निघते, दुसऱ्या दिवशी लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या असते. खंडोबाचं वाहन घोडा आणि सोबत कुत्रा, त्यामुळं इथं जनावराला मान आधीपासूनच, भंडारा देवावर उधळतात तसा घोड्याच्या कपाळालाही लागतो. त्यात भटक्या समाजांचे लोक लांबलांबून इथं जमायचे, त्यांच्या जातपंचायती इथंच बसायच्या, आणि ज्यांचं बिऱ्हाडच घोड्या-गाढवांच्या पाठीवर त्यांना चांगलं जनावर इथंच मिळायचं. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळं एका माळावर! घोड्याचा रंग, चाल, अंगावरचे भोवरे, पंचकल्याणी (चारी पाय नि कपाळ पांढरं) आहे का, देवमण (शुभ मानलेला भोवरा) आहे का, हे सांगणारी म्हातारी माणसं तिथं अजून भेटतात, त्यांच्यामागं उभं राहून नुसतं ऐकलं तरी दिवस जातो. सौद्याचा आकडा मात्र रुमालाखाली बोटांनीच ठरतो, बघ्यांना कळत नाही.

पण मराठवाड्याची खरी शान म्हणजे गायबैलांच्या दोन जाती, लाल कंधारी आणि देवणी. कंधारीला कोणी लाखलबुंदा पण म्हणतं. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजानं ही जात सांभाळली असं परंपरेनं सांगतात, ते राहू द्या, पण कंधार, लोहा, अहमदपूर, परळी या पट्ट्यात एकाच गडद लाल रंगाची जनावरं पिढ्यान्पिढ्या निघत आली हे तर डोळ्यांसमोर आहे. देवणी वेगळी, तिच्यात गीर, डांगी आणि इथल्या गावरान गाईचं रक्त आहे असं मानतात, कामालाही चांगली आणि दुधालाही. तिच्यात परत वानेरा म्हणजे पांढरं अंग नि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या म्हणजे पांढरा, फक्त अंगाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके, आणि शेवरा म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके. देवणी कर्नाटकातल्या बिदरकडं पण एवढी का असं कोणी विचारलं तर उत्तर सोपंय, निजामाच्या राज्यात देवणीच्या पट्ट्यातलं उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं, १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा हद्द मधून गेली, गाईंना काय हद्द कळते.

आता माझं म्हणणं असं की या जाती टिकल्या त्या बघणाऱ्यांमुळं. कागदावर वंशावळ कोणी ठेवत नव्हतं, पण उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात किंवा माळेगावात चारचौघं वळूभोवती गोल करून उभे राहायचे, वशिंड, गळ्याखालची पोळी, खूर, शिंगांची ठेवण, दात, सगळं बघून तोंडावर बोलायचे. ज्याचं नाव झालं त्या वळूकडं पंचक्रोशीतल्या गाई यायच्या, ज्याच्यात खोट निघाली तो खच्ची होऊन औताला जायचा. म्हणजे निवड सगळ्या गावानं मिळून केली. आज यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, नंबर काढते, बक्षीस देते, ते याच नजरेचं सरकारी रूप आहे असं मला वाटतं.

घरातला मान म्हणजे पोळा, श्रावण अमावस्येला. आदल्या दिवशी खांदमळणी, तूप-हळद लावून जुवानं घासलेला खांदा चोळायचा आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, वेशीतून मिरवणूक, मारुतीला फेरी, पुरणपोळी. त्या मिरवणुकीतही लोकांचं लक्ष कुणाची जोड भारी याच्यावरच.

मग ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या. दुष्काळात तर बीडकडं जनावरं चारा छावण्यांत नेऊन जगवावी लागली. २०२२ ला लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा गुरांचे बाजार बंद पडले, माणसं जनावरं गोठ्याबाहेर जाऊ देईनात, त्या वर्षी गायबैल बघायला जाण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, फार वाईट गेलं ते.

तरी हौस गेली नाही. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला १९९४ मध्ये मोरांसाठी अभयारण्य झालं, पैठणला जायकवाडीच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात, तिथंही आता घरची घरं डबे बांधून जातात. पण दावणीच्या जनावराची मजा वेगळी, तिथं मालक शेजारी उभा असतो. माळेगावला गेलात तर फोटो काढायच्या आधी त्याला विचारा, याची आई कुठली, वळू कुणाचा होता. तास-दीड तास तरी मोकळा ठेवा, तो थांबणार नाही.