इन्कॉग्निटोत गेलं की कुणालाच दिसत नाही?

‘इन्कॉग्निटो उघडलं की आपण काय बघतो ते कुणालाच कळत नाही,’ हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. इन्कॉग्निटो म्हणजे क्रोमसारख्या ब्राउझरमधली खाजगी विंडो. तिच्यातले सगळे टॅब बंद केले की तिथली हिस्टरी आणि कुकीज (साइटने ठेवलेल्या छोट्या नोंदी) फोनमधून जातात, एवढं खरं. एकच फोन घरात चौघं वापरत असतील तर तेही कामाचंच म्हणा. पण दादर स्टेशनच्या वायफायवर साइट उघडली, तर मागणी त्या वायफायमधूनच जाते. साइटचं नाव तिथे सहसा दिसतं; एचटीटीपीएस (साइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणारी पद्धत) असेल तर आतला मजकूर नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर देखरेखीचं सॉफ्टवेअर असेल, तर त्यालाही काही अडत नाही.

पडताळून बघा: साध्या आणि इन्कॉग्निटो, दोन्ही विंडोत ‘माझा आयपी ॲड्रेस’ (इंटरनेटवर आपल्या जोडणीची ओळख सांगणारा आकडा) शोधा. हा आकडा लपवणारं व्हीपीएनसारखं काही चालू नसेल तर सहसा आकडा तोच येईल, म्हणजे साइटला तो दोन्हीकडे दिसतोच. डाउनलोड केलेली पीडीएफही फोल्डरमध्ये तशीच सापडेल.