बोट पाण्यात उतरल्यावरच अलाइनमेंट

जून-जुलैची मासेमारी बंदी संपत आली की फोन सुरू होतात: "बोट वर ओढलेली आहे तोवर अलाइनमेंट उरकून टाका." अलाइनमेंट म्हणजे इंजिनाचा गिअरबॉक्स आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट एका रेषेत आणणं. किनाऱ्यावर आम्ही हे काम करतो, पण ते कच्चं. शेवटची सेटिंग बोट तरंगत असतानाच होते आणि त्या दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.

ओंडक्यांवर टेकलेली बोट आणि पाण्यातली बोट यांचा आकार एकसारखा राहत नाही. लाकडी बोट तर दोन महिने सुकलेली असते. पाण्यात गेली की फळ्या फुगतात, इंजिनाचं फाउंडेशनही किंचित हलतं. तिला आठवडाभर पाण्यात राहू द्या, मग बोलवा. फायबरच्या बोटीला एक-दोन दिवस पुरतात. टाकीत नेहमीइतकं डिझेल असू द्या. शिडाची यॉट असेल तर डोलकाठीच्या तारा रोजच्यासारख्या ताणून ठेवा, त्या ताणानेही बोटीचा सांगाडा थोडा वाकतो.

आम्ही कपलिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांचे, बोल्ट काढतो, लोंबणारा शाफ्ट आधार देऊन मधोमध धरतो आणि दोन्ही तोंडं जवळ आणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग गिअरबॉक्सची बाजू जागेवर ठेवून शाफ्ट अर्धा फेरा फिरवतो. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलाय किंवा त्याचं कपलिंग सरळ बसलेलं नाही. मग इंजिन कितीही सरकवा, उपयोग नाही. फट जागच्या जागी राहिली, तरच इंजिन हलवायचं. मोजताना तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) शेजारी उभं करा, गेज त्यालाही घालून बघू दे.

रबरी कपलिंग बसवलं की अलाइनमेंट लागत नाही, असं बंदरावर सर्रास सांगतात. तसं नाही. रबर आवाज दाबतं. गिअरबॉक्सचं ऑइल सील, ग्लँडचं पॅकिंग (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारं) आणि कटलेस बेअरिंग (पंख्याकडच्या बाजूला शाफ्टला आधार देणारं) मात्र आत झिजतच राहतात.

प्रत्येक थरथर अलाइनमेंटची नसते. न्यूट्रलमध्येही इंजिन हादरत असेल तर नोझल (डिझेल फवारणारे) आणि माउंटिंग (इंजिनाखालचे रबरी पाय) तपासायला हवेत. गिअर टाकल्यावरच हादरत असेल तर शाफ्ट, बेअरिंग, पंखा. आणि काल नीट चाललेली बोट आज अचानक थरथरायला लागली, तर आधी पंख्यात जाळ्याचा दोर अडकलाय का ते बघा. दोर काढल्यावर थरथर गेली, तर आम्हाला बोलवायचं कारणच नाही. पात्याला मार बसला असेल तर पंखा काढून बॅलन्सिंगला द्यावा लागेल.

माउंटिंगचं रबर डिझेल-ऑइलने फुगून मऊ पडतं, त्यामुळे गळती आधी बंद करा. नवीन माउंटिंग वजनाखाली बसतं, म्हणून ते टाकल्यावर काही दिवसांनी फट पुन्हा मोजून घेतो.

फोन करताना एवढं सांगा: थरथर कधीपासून, किती आरपीएमवर, गिअरमध्ये की न्यूट्रलमध्येही, आणि ग्लँड हाताला गरम लागतो का. आम्ही येण्याआधी इंजिनखालचं तेलकट पाणी उपसून ठेवा. माउंटिंगचे नट त्याच पाण्यात बुडालेले असतात.