सिंगल ॲक्शन की डबल ॲक्शन: रिव्हॉल्वरच्या चापाला कामं किती?

ब्रह्मपुरीकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत परवान्याचं एखादं वेब्ली रिव्हॉल्वर अजून सापडतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली, ठाण्यात जमा करायचा निरोप आला, की ते कपाटातून निघतं आणि ओसरीवर पोरं गोळा होतात. पहिला प्रश्न ठरलेला. "आबाजी, घोडा अंगठ्यानं नाही ओढला तं चालते का जी हे?"

चालते. सिनेमातला काउबॉय दर गोळीआधी घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारी मागची हातोडी, ओढतो, कारण त्याच्या हातात बहुधा १८७३ सालचं कोल्ट असतं, म्हणजे सिंगल ॲक्शन. वाड्यातलं वेब्ली डबल ॲक्शन. दोन्हींना सहा घरांचं सिलिंडर, दोन्हींना बाहेर दिसणारा घोडा, त्यामुळे लांबून बघणारा फसतोच.

कोल्टमध्ये मेहनत सगळी अंगठ्याची. घोडा मागे ओढताना आतली एक पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला रेटते. सायकलच्या फ्रीव्हीलमधला कुत्रा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. सिलिंडर एक षष्ठांश फिरतं, खालून एक खिटी खाचेत बसून त्याला जखडते, आणि घोडा मागे अडकून राहतो. चापाकडे उरतं फक्त त्याला सोडणं. म्हणून तो हलका लागतो आणि नेम हलत नाही. पण घोडा खाली असताना चाप कितीही दाबा, काही होत नाही.

डबल ॲक्शनमध्ये ही सगळी कामं एका बोटावर येतात. चाप ओढत नेला की घोडा उचलला जातो, सिलिंडर फिरतं, जखडतं, आणि अगदी शेवटी घोडा निसटून आपटतो. इंग्लंडच्या रॉबर्ट ॲडम्सने १८५१ मध्ये केलेल्या रिव्हॉल्वरच्या घोड्याला तर अंगठ्यासाठी शेपटीच नव्हती, फक्त चाप. पुढे दोन्ही सोयी एकाच यंत्रात आल्या. वेब्लीचा घोडा अंगठ्यानेही ओढता येतो तो त्यामुळेच.

कोल्टच्या घोड्याच्या 'कट-कट' आवाजावर लोक जीव टाकतात. माझं मत डबल ॲक्शनला, कारण खरं कसब तिथे. तिथे क्रम जरा चुकला, सिलिंडर नळीच्या रेषेत येण्याआधी घोडा पडला, तर गोळी नळीच्या तोंडाची कड घासत जाते. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी. जुने कारागीर ही पट्टी, ही खाच कानशीने घासून, पुन्हा पुन्हा बसवून जुळवत. नशीब की बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, नाहीतर वाड्यावाड्यात कोणी ना कोणी कानस घेऊन बसलं असतं!

रिकामं करायची तऱ्हाही बघण्यासारखी, पण ती ॲक्शनवर ठरत नाही. कोल्टमधून रिकाम्या पुंगळ्या एकेक करून दांडीने ढकलाव्या लागतात. वेब्लीची कळ दाबून नळी खाली मोडली की मधली चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम उचलते.

कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर याच वेब्लीच्या वळणाचं. २०१४ मध्ये कानपूरहूनच आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्वर टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन जेमतेम अर्धा किलो. हलकं म्हणून सोपं, असं मात्र समजू नका. डबल ॲक्शनच्या चापाला बऱ्याचदा चार-पाच किलोंचा जोर लागतो. जोर रिव्हॉल्वरच्या वजनाच्या आठ-दहा पट झाला की नळी बोटासोबत डोलू लागते, आणि जड वेब्ली हातात जास्त स्थिर राहतं.