मनोविश्लेषण व मानसोपचार

मनोविश्लेषण म्हणजे अबोध मनात दडपलेल्या इच्छा, भीती व संघर्ष यांचा वागण्यावर आणि आजाराच्या लक्षणांवर होणारा परिणाम उलगडू पाहणारा सिद्धांत, आणि त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती. मांडणी सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांची. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी-कन्नड पट्ट्यात ही पद्धत वापरताना भाषेचा प्रश्न पहिल्याच बैठकीत उभा राहतो. म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

उगम : आरंभ वादग्रस्त आहे. व्हिएन्नातील डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात बेर्टा पापेनहाइम (ग्रंथातील टोपणनाव ‘आना ओ.’) या तरुणीवर उपचार केले. आजारी वडिलांची शुश्रूषा करताना तिला खोकला, उजव्या हाताचा लुळेपणा आणि दृष्टिदोष जडला होता. लक्षण प्रथम उद्भवले तो प्रसंग तिने भावनेसह सांगितला की ते ओसरे, असे ब्रॉयर यांचे निरीक्षण. ही हकिगत ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ मधील ग्रंथात आली. १९०९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात फ्रॉइड यांनी मनोविश्लेषणाच्या आरंभाचे श्रेय ब्रॉयर यांना दिले. १९१४ मध्ये ते स्वतःकडे घेतले. ती पूर्ण बरी झाली ही समजूतही टिकत नाही. उपचार संपताच, १८८२ च्या उन्हाळ्यात ती स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगेनच्या आरोग्यधामात दाखल होती, हे मनोविकारशास्त्राचे इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांनी १९७२ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवले. संमोहन मागे पडून मुक्त साहचर्य (मनात येईल ते न गाळता बोलणे) रुळले ते १८९० नंतर, हळूहळू. ‘मनोविश्लेषण’ ही संज्ञा १८९६ मध्ये छापली गेली. तेव्हा हे दशकच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक. बेर्टाच्या आजारात काही काळ तिची मातृभाषा जर्मन हरपली होती आणि ती इंग्रजीत बोलत असे, ही बाब पुढील चर्चेत उपयोगी पडते.

सिद्धांत : स्वप्नमीमांसा हा फ्रॉइड यांचा ग्रंथ (१८९९ अखेर प्रकाशित, मुखपृष्ठावर १९००) आणि इदम् (सहजप्रेरणा), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा ‘मी’), पराहम् (आतला नैतिक धाक) ही मनाच्या घटकांची त्रयी (१९२३) हे दोन मुख्य टप्पे. फ्रॉइड यांचे सहकारी ॲडलर १९११ मध्ये व युंग १९१३ च्या सुमारास वेगळे झाले. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता; परस्परविरोधी इच्छांची त्यांची उपपत्ती मात्र फ्रॉइड यांनी पूर्णतः स्वीकारली नाही.

पद्धती : अभिजात विश्लेषणात आठवड्याला ४–५ बैठका, रुग्ण कोचावर, विश्लेषक डोक्यामागे. सर्वत्र अधिक चालते ती आठवड्याला १–२ बैठकांची, समोरासमोर बसून करायची मनोगतिक (मनोविश्लेषणावर आधारलेली) चिकित्सा. सुरुवातीच्या काही बैठका चाचपणीच्या: आत्महत्येचे विचार, भास, फिट, दारू आणि थायरॉईड यांची चौकशी आधी. भास किंवा तीव्र भ्रम असतील तर मनोविकारतज्ज्ञाची औषधे प्रथम. अशा अवस्थेत कोचावर झोपवून मुक्त साहचर्य करवणे घातक ठरू शकते. मग वार, वेळ, ४५–५० मिनिटांची मर्यादा, फी आणि चुकलेल्या बैठकीचे काय, हे स्पष्ट ठरवावे. खेड्यावरून येणाऱ्याची वेळ परतीच्या बसवर ठरवावी. नाहीतर शेवटची १० मिनिटे तो घड्याळच पाहतो, आणि त्याला प्रतिरोध, म्हणजे दडपलेले वर येऊ न देण्याची धडपड, समजण्याची चूक होते.

भाषा : घरात मराठी, शाळेत किंवा कचेरीत कन्नड, असा रुग्ण इथे नेहमीचा. वाटणीत भावाने फसवल्याचे तो मराठीत सांगतो. वडिलांनी तेव्हा काय केले, इथवर आला की ‘होगली बिडी’ म्हणून पुढचे सगळे कन्नडात, कोरड्या आवाजात. जाऊ द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण भाषा नेमकी तिथेच का बदलली हे टिपायचे असते. बुक्सबाउम (१९४९) व ग्रीनसन (१९५०) या मनोविश्लेषकांनी दाखवले, की दुसरी भाषा बालपणीच्या भावनेपासून अंतर राखायला मदत करते. टिपण लिहिताना वाक्य ज्या भाषेत आले त्याच भाषेत लिहावे. मराठीत उतरवले की खूण पुसली जाते. लगेच बोट ठेवू नये. दोन-तीनदा तोच सांधा दिसल्यावर, ‘हे घरात कसं बोलला असता?’ एवढे विचारणे पुरते. उलट, मराठीत बोलताना रुग्ण फारच कोलमडू लागला तर कन्नडाचा आडोसा काही काळ राहू द्यावा.

नातेवाइकाला दुभाषा करू नये. सून बोलते आणि नणंद भाषांतर करते, तेव्हा सासूविषयीचे वाक्य वाटेतच गळते. ‘अंगात येतं’ हे सांगणे लगेच उन्माद (हिस्टेरिया) म्हणून नोंदवणेही घाईचे; सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत त्याला मान्य अर्थ आहे. ते केव्हा, कोणापुढे येते, आणि त्यानंतर घरात काय बदलते, ते आधी विचारावे.

भावसंक्रमण, म्हणजे आईवडिलांविषयीचे जुने भाव चिकित्सकावर येणे, इथे बहुधा ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करू’ या रूपात दिसते. सल्ला दिला की कुटुंबातल्या वडीलधाऱ्याची खुर्ची चिकित्सकाला मिळते आणि पुढच्या बैठकीला रुग्ण चुका लपवू लागतो. लहान गावात दोघांचे सोयरे एकच निघतात. तसे कळल्यास दुसऱ्याकडे पाठवणे बरे.

सोय : बेळगावहून सुमारे ८० किमीवर धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. टेलिमानस (१४४१६) ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र चालते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारून घ्यावी. विश्लेषक म्हणवणाऱ्याने स्वतःचे विश्लेषण करून घेतलेले असणे हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग आहे. नुसत्या वाचनावर ते होत नाही.