मंद वाऱ्यात थरथरणारी रिकामी काठी

2017 साली अटारी सीमेवर 360 फुटी तिरंगा उभारला आणि पुढच्या काही आठवड्यांतच वाऱ्यानं तो पुन्हा पुन्हा फाटला. ‘सर्वांत उंच’ म्हणवण्याच्या हौसेला वारा भीक घालत नाही. मला मात्र शाळेतली झेंड्याची नऊ मीटरची काठी जास्त आवडते. तिचं गणित वहीच्या पाठकोऱ्या पानावर मावतं.

इमारतींवरच्या भारांसाठीच्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय. त्याचा वर्ग करून 0.6 नं गुणा, आलेल्या न्यूटनचे किलो करायला 9.8 नं भागा: चौरस मीटरवर सुमारे 118 किलोंचा रेटा. (उंचीचे, भूभागाचे गुणक सोडून दिलेत.) आपली काठी म्हणजे नऊ सेंटीमीटर जाडीचा (व्यासाचा) पाइप, गोल आकाराचा गुणक 1.2, झाले 115 किलो. हा जोर मध्यावर धरला, तर बुडाशी आघूर्ण (खांब वाकवू पाहणारा परिणाम: जोर गुणिले अंतर) साधारण 515 किलोग्रॅम-मीटर.

आता सहा बाय चार फुटांचा झेंडा. फळी असती तर 300 किलो झेलले असते. पण कापड वाऱ्याच्या दिशेनं वळतं, फडफडतं. त्याचा दहावा भाग धरला तरी 30 किलो, तेही कप्पीजवळ, 8.4 मीटरवर. म्हणजे एवढंसं कापड अख्ख्या पाइपच्या निम्म्यानं आघूर्ण वाढवतं.

खरी गंमत वादळात नाही, झुळकेत आहे. गोल खांबामागे हवेचे भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि प्रत्येक भोवरा खांबाला आडवा हिसका देतो. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्राउहाल यांनी 1878 मध्ये गुणगुणणाऱ्या तारांवर याचा हिशेब मांडला: वेग भागिले जाडी, गुणिले साधारण 0.2. आपल्या काठीवर सेकंदाला तीन मीटरची झुळूक आली, की सेकंदाला साडेसहा-सात वेळा डाव्या-उजव्या हिसक्यांची जोडी. साडेतीन मिलीमीटर जाड पत्र्याच्या पोलादी पाइपची दुसऱ्या प्रकारची स्वाभाविक कंपनं (धक्का दिल्यावर खांब आपणहून ज्या लयीत हलतो ती) नेमकी तेवढीच! त्यात पोट एकीकडे जातं, टोक दुसरीकडे. झोपाळ्याला वेळेवर धक्का बसावा तसं. तळहात टेकवला तर कळतं.

फडफडणारा झेंडा ही लय बिघडवतो. पण शाळेची काठी वर्षातले बहुतेक दिवस रिकामीच! रात्री ती आपोआप थरथरते म्हणून कुणी लिंबू-मिरची बांधायला निघालं, तर त्याऐवजी पाइपच्या आत वरून साखळी लोंबती सोडा. खांब हलला की ती आतून आपटते आणि कंपनाची ऊर्जा खाते. नाहीतर लाखो हिसक्यांनंतर बुडाच्या वेल्डिंगजवळ केसासारखी चीर पडू शकते, आणि रंगाखाली ती दिसत नाही.